मिलच्या अंगणात अनवाणी

दुधाची पिशवी घेऊन गेटातून आत आलो आणि पार्किंगच्या कडेला चपला काढून ठेवल्या. मोटारींमधून अनवाणी चालत पार जिन्यापर्यंत पोचलो, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. वळून पाहिलं तर चौकीदार माझ्या चपलांकडे बघत उभा.

"अंकल, इधर कोई मंदिर नहीं है."

वर गॅलरीत कुणीतरी हसलं. मीही हसलो. निदान काहीतरी सोबतीनं झालं.

मंदिर नव्हतं, पण पूर्वी तिथं राइस मिलचं वाळवणाचं अंगण होतं. उकडलेला धान पसरायचा आणि बायका पायांनी तो उलटत फिरायच्या. चपला कडेला, हा नियम मालकालाही होता. मी तिथं मशीनवर होतो. मिल बंद पडली, मग बरीच वर्षं ती कबुतरांनी सांभाळली. पुढं बिल्डरनं भिंती आणि धुराडं तसंच ठेवून आत फ्लॅट काढले. पुढच्या बाजूला मोठे, लिफ्टवाले. मागं गोदामात आमच्यासारख्यांना परवडतील असे. अंगण दोघांचं. म्हणजे मोटारी त्यांच्या, चालणं आमचं.

राहायला आलो आणि आठवड्याभरात बायको लेकीच्या बाळंतपणासाठी अर्जुनी मोरगावला गेली. जाताना म्हणाली, "बोलाचालाले कोणी भेटलं तं राहू इथं. नाही तं आपली किरायाची खोली अजून रिकामीच हाय."

मला हे घर सोडायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकला होता. पण बोलाचालाला माणूस मिळेना. जुन्या मोहल्ल्यात शिंकलो तरी चार घरांतून विचारपूस व्हायची. इथं मी जिन्यात मुद्दाम खोकून पाहिलं. एक दार उघडं होतं, तेही लागलं. संध्याकाळी खिडकीतून धुराडं दिसायचं. त्यातून आता काही निघत नाही, तरी मी बघत बसायचो.

बायकोचा फोन आला की विचारायची, "भेटलं का कोणी?"

"पाहून राहिलो," म्हणायचो, आणि वरण लागायच्या आत गॅसकडे पळायचो. बहुतेक वेळा ते आधीच लागलेलं असायचं.

मग एका सकाळी मागच्याच इमारतीतली एक म्हातारी खाली आली. पार्किंगच्या कडेला तिनं चपला काढल्या आणि दोन पावलं टाकून थबकली. मला हसू आवरेना.

"काऊन हसता जी?"

"मीबी असाच फसलो होतो, मावशी."

"डोक्याले समजते. पायाले कोण सांगंल?" तिनं मला निरखून पाहिलं. "तुमी मशीनवरचे ना? धानाच्या कोंड्यानं मिशा पांढऱ्या होत होत्या तुमच्या. आमी बाया लय हसत होतो."

"आता कोंड्याची गरज नाही राहिली."

ती खळखळून हसली. तिसऱ्या मजल्यावर लेकाकडं राहते, म्हणाली. लेक-सून दोघंही कामाला जातात, दिवसभर भिंती पाहून राहते. आणखीही काही सांगणार होती, पण वरून सुनेची हाक आली, "अम्मा, ऊपर आओ, बाहर से ताला लगाना है." ती गेली. मी पुन्हा मोटारींमध्ये एकटा.

त्या रात्री बायकोला फोनवर सगळं सांगितलं. उद्या मावशीला जेवायलाच बोलावतो, असंही म्हणालो.

ती मग म्हणाली, "अवो, एवढ्यात बोलावू नका. तुमच्या हातचं वरण खाऊन ती एक बी जाईल हातची. मी आली का बोलावू."