अकोल्याच्या कपाटातली नाणी

ह्यांचं पहिलं स्मारक नाणं घरी आलं, तेव्हा आम्ही अमरावतीच्या राजापेठेत नुकतेच राहायला आलो होतो. कुठल्याशा शताब्दीनिमित्त सरकारी टांकसाळीनं काढलेलं ते नाणं पोस्टानं आलं होतं. निळ्या मखमली डबीत, वरून पारदर्शक झाकण, आणि नाणं इतकं चकचकीत की त्यात खिडकीचे गज दिसत होते. त्यावर शंभर रुपये असं कोरलेलं होतं. मोजलेले पैसे मात्र त्याच्या कितीतरी पट. मी विचारलं, बाजारात चालत नाही, अंगावर घालता येत नाही, मग ह्याचं करायचं काय?

हे ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. समजावून सांगायला लागले की खडू हातात नसला तरी बोटं तशीच धरायचे. त्यांनी मला सांगितलं की अशी नाणी ठरावीक संख्येतच निघतात, पुन्हा निघत नाहीत. मागणी वाढत जाणार, नाणी तेवढीच राहणार. वीस वर्षांनी लोक ती शोधत येतील. नाण्यात चांदी अर्धीच असते, बाकी तांबं आणि इतर धातू, हेही त्यांना ठाऊक होतं. पण किंमत चांदीची नसते, दुर्मिळपणाची असते, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं होतं.

ह्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, अकोल्याला वकिली करायचे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायची. बांधाचे, वाटणीचे, रस्त्याचे दावे चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कोर्टात भरपूर बोलत असतील, घरी मात्र अगदी मोजकं बोलायचे. एका दिवाळीत ह्यांनी त्यांना ते नाणं दाखवलं. दादांनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली, ह्यांचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माह्यासाठीबी मागवत जाय एक."

तेव्हापासून ह्यांनी प्रत्येक नाण्याची दोन-दोन पार्सलं मागवायला सुरुवात केली. दोन्ही अमरावतीलाच यायची. आपण दिवसभर कोर्टात असतो, घरी पोस्टमन कोणाला भेटणार, असं दादांचं म्हणणं. जाऊबाई दिवसभर घरीच असायच्या, पण त्याचा विचार आम्ही कोणी केला नाही. पार्सलं आली की पुढच्या रविवारी हे बडनेऱ्याहून गाडी धरायचे. पुष्कळदा मीही जायची. दोन्ही पार्सलं न उघडता न्यायची असा दादांनी नियमच करून टाकला होता.

जठारपेठेतल्या त्यांच्या घरी जाऊबाई उकडपेंडी करून ठेवायच्या. ती खाऊन झाली की टेबल पुसायचं, त्यावर पांढरा टॉवेल अंथरायचा आणि मग कात्री. हे सांगत जायचे, दादा ऐकत जायचे. मान हलवायचे. छापा कोणता आणि काटा कोणता, हे दादा दर वेळी विचारायचे, आणि हे दर वेळी तितक्याच उत्साहानं सांगायचे. एवढ्या हुशार माणसाच्या हे लक्षात कसं राहत नाही, याचं मला नवल वाटायचं. दुपारी जेवणं, मग कूलरसमोर दोघंही आडवे व्हायचे, आणि चहाच्या वेळेपर्यंत लहानपणच्या गोष्टी चालायच्या. चांदूर रेल्वेच्या शाळेतला एक मास्तर, विहिरीत पडलेला बैल, आईनं दोघांना एकाच दोरीनं बांधलेलं. त्यांच्या बोलण्यात मी कधी पडले नाही. त्यांना तिसरं माणूस लागत नसे.

पुढे चांदूर रेल्वेजवळची वडिलोपार्जित जमीन विकली. मुलं शिकून बाहेर गेली होती, वावर बघायला कोणी उरलं नव्हतं. दादांचा विचार आपल्या हिश्शातून सरळ सोनं घेऊन ठेवण्याचा होता. ह्यांनी सुचवलं की सोनंच घ्यायचं तर स्मारक नाणी घ्या. एका खाजगी कंपनीनं तेव्हा शुद्ध सोन्याची नाणी काढली होती, मर्यादित संख्येत, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, शिसवी लाकडाची पेटी. त्या दिवसाच्या सोन्याच्या भावापेक्षा ती बरीच महाग होती.

दादांनी पेटीचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लहान्या, याच्यात सोनं किती अन् गोष्ट किती?"

हे म्हणाले, "गोष्टीलेबी भाव येते दादा. थांबाव लागते फक्त."

दादा थोडं हसले आणि घेऊन टाक म्हणाले. आमच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, घर बांधण्यात गेले होते. त्यामुळे सोन्याची नाणी फक्त दादांनी घेतली. अकोल्याच्या कपाटात चांदीच्या नाण्यांच्या डब्यांवर ती पेटी जाऊन बसली.

बरीच वर्षं तशीच गेली. मग जाऊबाईंचे गुडघे इतके बिघडले की ऑपरेशनशिवाय इलाज उरला नाही. दादांनी फोन करून सांगितलं की नाणी विकू, तू ये. हे त्या दिवशी खरं तर खूश होते. आपण सांगितलेलं आता दादांच्या उपयोगी पडणार, वहिनीच्या कामी येणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इस्त्री केलेला शर्ट घालून ते अकोल्याला गेले. मीही सोबत होते.

आधी आम्ही नाण्यांचा व्यापार करणाऱ्या एका माणसाकडे गेलो. ह्यांचं त्याच्याशी फोनवर आधी बोलणं झालं होतं. त्यानं चांदीच्या डब्या एकामागून एक उघडल्या, बंद केल्या आणि बाजूला सारल्या. माणूस चांगला होता, आम्हाला चहा पाजला. म्हणाला, सर, लोक शोधतात ते चुकून चुकीचं छापलेलं नाणं, किंवा असं जुनं की जे बाकीच्यांनी वापरून झिजवून टाकलं. ही नाणी तर सगळ्यांनीच मखमलीत ठेवली आहेत. "तुमी जसं जपलं ना, तसंच समद्याईनं जपलं. मंग कमी कुठून पडन?"

ह्यांनी त्याच्याशी थोडा वाद घातला. टांकसाळीनं किती काढली, किती विकली, असं काहीबाही बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. आम्ही मोजलेल्या किमतीच्या जवळपासही तो येत नव्हता. सोन्याच्या पेटीबद्दल तर त्यानं हातच जोडले. ती सराफाकडे न्या म्हणाला.

सराफानं सोन्याची नाणी पेटीतून काढून ताटलीत ठेवली तेव्हा झालेला तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतकी वर्षं त्यांना आमच्यापैकी कोणी बोट लावलं नव्हतं. त्यानं ती कसून पाहिली, तोलली, त्या दिवसाचा भाव लावला आणि थोडी घट धरली. प्रमाणपत्र वाचलंसुद्धा नाही. लाकडी पेटी आणि कागद त्यानं परत आमच्या बाजूला सरकवले आणि विचारलं, हे नेता का टाकून देऊ? चांदीच्या नाण्यांबद्दल म्हणाला की तांबं काढण्याचा खर्च जाता फार काही हाती लागणार नाही, राहू द्या.

तोटा झाला असं कोणी म्हणू शकलं नसतं. मधल्या वर्षांत सोनं एवढं चढलं होतं की दादांना घातलेल्या पैशांपेक्षा जास्तच मिळाले. पण साधं सोनं घेतलं असतं तर किती मिळाले असते, हा हिशोब ह्यांनी दुकानाच्या पायरीवरच मनात केला असणार. दादांनी रिकामी पेटी पिशवीत टाकली आणि म्हणाले, "चांगली हाय. सुपारी ठेवाले होईन." ते सहज बोलले होते. ह्यांच्या मात्र वर्मी लागलं.

जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, त्या काठी सोडून चालायलाही लागल्या. पण हे अकोल्याला जायचे बंद झाले.

सुरुवातीला बोर्डाचे पेपर होते. मग गाडीची वेळ सोयीची राहिली नाही. मग कंबर दुखायला लागली. नवीन नाणी मागवणं तर त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं होतं. दादांचा फोन यायचा आणि ते विचारायचे, "काहून रे, नवं काही निघालं नाई काय?" हे दोन शब्द बोलून फोन माझ्याकडे द्यायचे. नंतर म्हणायचे, टोमणे मारून राहिले ते. मी सांगायची, दादा टोमणे मारणारा माणूस नाही. ह्यांना पटायचं नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं, त्याला आपलं चुकलं म्हणायला जागा सापडत नव्हती, एवढंच मला समजत होतं.

एकदा दादा एका लग्नाला अमरावतीला आले होते. येतो म्हणून आदल्या दिवशी कळवलं होतं. हे त्या सकाळी कॉलेजच्या मुलांच्या सहलीसोबत सेमाडोहला निघून गेले. दुसरे दोन शिक्षक जाणारच होते, ह्यांची तिथे गरज नव्हती. दादा आमच्याकडे आले, बसले, चहा घेतला. बशीत चहा ओतून बराच वेळ तसाच धरून बसले.

"बाई, माह्यावर राग हाय काय त्याचा?"

मी म्हटलं, "राग नाही दादा. त्यांना शरम वाटते. तुमचं नुकसान केलं असं वाटते."

"कायचं नुकसान? त्याले सांग, मले काई फरक पडला नाई. त्याले म्हणाव, ये."

हे सेमाडोहहून परतले तेव्हा मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी बूट काढता काढता ऐकलं आणि म्हणाले, वकील आहेत, असंच बोलणार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादा गेले. कोर्टाला सुट्या होत्या. दुपारी जेवून कूलरसमोर झोपले ते उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मांडव घातलेला होता आणि अकोल्याचं ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. हे दादांच्या पायांशी बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. कोणी पाणी दिलं तरी घेतलं नाही.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. जाऊबाईंनी ह्यांना आतल्या खोलीत बोलावलं आणि कपाट उघडलं. चांदीच्या डब्या खालच्या कप्प्यात रांगेनं होत्या. वरच्या कप्प्यात दोन पार्सलं होती, न उघडलेली. पत्ता अकोल्याचा होता. दादांनी ती स्वतः मागवली होती, पुण्याला असलेल्या आपल्या मुलाला फोनवर विचारून विचारून.

ह्यांनी विचारलं, "दादा नाणी मागवत होते?"

"त्याईले नाण्यातलं काय समजत होतं?" जाऊबाई म्हणाल्या. "तुमी येता म्हणून घेत होते. पार्सल आलं असा तुमचा फोन आला का चार दिवस घरात बोलत. मंग तुमी याचं सोडलं. तर म्हणे, आपणच मागवू, त्याले सांगू आलं म्हणून. सांगाची हिंमत झाली नाई त्याईची. तुमाले वाईट वाटन म्हणत. मी म्हटलं उघडून तरी पाहा. तर म्हणे, नाई, तो आला का उघडू."

 मग जाऊबाईंनीच कात्री आणून दिली. ह्यांनी एक पार्सल उघडलं, डबी बाहेर काढली आणि सांगायला लागले. हा छापा, हा काटा, हे कोणत्या निमित्तानं निघालं, कडेला किती दाते आहेत. जाऊबाई दादांसारख्याच मान हलवत होत्या. एक वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं. डबी टेबलावर ठेवून ते परसात निघून गेले आणि नळाखाली तोंड धूत उभे राहिले. दुसरं पार्सल त्या दिवशी कोणी उघडलं नाही.

अलीकडे चांदी एकदम चढली, तेव्हा पुतण्यानं आईला विचारून जुनी नाणी मोडीत काढली. नुसत्या चांदीचेच इतके पैसे आले की आम्ही सगळे चकित झालो. जाऊबाईंनी आनंदानं फोन केला. हे छान म्हणाले, बरं झालं म्हणाले. कॉलनीतले लोक आता ह्यांना विचारायला येतात, नातवासाठी असं नाणं घ्यावं का. हे सांगतात की बघायला आवडत असेल तर जरूर घ्या. पैसा वाढवायचा असेल तर साधं सोनं, साधी चांदी घ्या, डबीचे पैसे देऊ नका. उत्तर बरोबर आहे. ते देताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला शेजारी बसून दिसतं.

आता आम्ही महिन्यातून एकदा तरी अकोल्याला जातो. हे वहिनीची औषधं आणतात, विजेचं बिल भरतात, कूलरच्या टाकीत पाणी घालतात. जाऊबाई आमच्या सासूबाईंच्या गोष्टी सांगतात, आणि त्यातल्या काही ह्यांना नव्यानं कळतात. दुपारी हे एकटेच आडवे होतात.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं की हे कधी कधी खिडकीकडे बघत म्हणतात, त्या रविवारी जायला पाहिजे होतं. कोणत्या रविवारी, ते मी विचारत नाही. असे पुष्कळ रविवार होते.