कोणती डिस्क पुसू?

कळव्याच्या आमच्या विहारातली अभ्यासिका धम्मपाल चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण दोन खेपांचं काम एका खेपेत उरकायची त्याची घाई बघून मला धडकीच भरते.

घोडबंदर रोडच्या एका ऑफिसने जुना सर्व्हर दान दिला. धम्मपालने अभ्यासिकेच्या जुन्या कॉम्प्युटरमधली आमची डिस्कही आधीच त्यात बसवून टाकली. वारलेल्या कुंडलिकमामांची गाणी फक्त तिच्यावर होती. त्यांच्या पत्नी शांताबाई दर रविवारी ती ऐकायला येतात, आजही येऊन बसल्या होत्या. सर्व्हरची डिस्क दिसायला अगदी तशीच. त्यात विहारात कंपनीची जाहिरात नको, म्हणून साफसफाई करणाऱ्या मायाताईंनी ओल्या फडक्याने सगळी स्टिकरं घासून काढलेली, आमच्या डिस्कवरचंसुद्धा.

ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पडद्यावर प्रश्न आला, कोणती डिस्क पुसू?

"अरे थांब, आपली आधी बाहेर काढ," मी ओरडलो.

"पहिली सर्व्हरचीच असणार रे!" म्हणत त्याने बटण दाबलं.

सिस्टिम झकास चालू झाली. त्याने उरलेली डिस्क उघडली. तिच्यात त्या ऑफिसच्या सहलीचे फोटो होते. अनोळखी माणसं हसत होती. धम्मपाल एकेक फोटो पुढे सरकवत राहिला, गाणी कुठेच नव्हती.

मागे शांताबाईंनी खुर्ची पुढे ओढली, पदर सावरला.

"झालं ना रे बाळा? लाव आता यांचं गाणं."