जागा वाळेपर्यंत

अब्बांचा फोन दुपारी कधी येत नाही. दुपारी त्यांना कबाबाची गाडी लावायची घाई असते, आणि एकदा कोळसा पेटला की ते जगात कुणालाच ओळखत नाहीत, लेकीला तर नाहीच नाही. त्यामुळे त्या दिवशी लातूरला शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तसा मी डबा बाजूला सारून फोन घेतला. पलीकडून आधी नुसता बसस्टँडचा गलका आला. मग अब्बा म्हणाले, "बेटा... आज जागा कोरडी हाय." सरूमावशी गेली, एवढं मला त्या एका वाक्यात कळलं. पहाटे झोपेतच गेली होती. शेजारच्या चहावाल्याने अब्बांना सांगितलं, पण ते सांगायच्या आधीच अब्बांनी जमिनीकडे पाहिलं होतं.

ज्यांना हे कोड्यात बोलल्यासारखं वाटेल त्यांच्यासाठी नीट सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी, बसस्टँडसमोरच्या खाऊबाजारात, कडुलिंबाखाली एका गाडीपुरती जागा आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिगतीतल्या मॅडम अजून नोकरीत आहेत. त्या जागेवर सकाळी सरूमावशी सुशीला विकायची आणि संध्याकाळी माझे अब्बा, हकीमभाई, शीख कबाब लावायचे. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेले मुरमुरे, वर हिरव्या मिरचीची फोडणी आणि डाळव्याचं कूट. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी उगाच तिसरी बाई शोधत बसू नये. मावशी आमच्या नात्यातली नव्हती, जातीधर्मातली नव्हती, गल्लीतलीही नव्हती. हदगावकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली आणि लवकर एकटी पडलेली. एक लेक होती, ती पुढे जळकोटला दिली. मी तिला मावशी म्हणायचे, अब्बा तिला 'बाई' म्हणायचे आणि ती अब्बांना 'भाई'. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या घरचा उंबरा एकदा तरी ओलांडला असेल का, मला शंकाच आहे. त्यांची भेट व्हायची ती फक्त दुपारी, जागा एकमेकांच्या हवाली करताना.

ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते. बाजार पेंगत असायचा. मावशी पातेली आवरायची, गाडी गल्लीत नेऊन लावायची आणि परत यायची ती स्टीलची कळशी कमरेवर घेऊन. एका बाजूने चेपलेली कळशी होती ती, चहावाल्याच्या फळीखाली ठेवलेली असायची. मावशी पाणी ओतायची, खराट्याने जागा घासायची, पुन्हा पाणी ओतायची. रात्री धंदा संपला की अब्बाही त्याच कळशीने तस्संच करायचे. म्हणजे सकाळी मावशीला जागा धुतलेली मिळायची आणि दुपारी अब्बांना. मात्र दुपारी जागा ओली असेपर्यंत अब्बा गाडी आणायचे नाहीत. समोर उभे राहून वाट बघायचे. तेवढा वेळ ती जागा कुणाचीच नसायची. ओल्या डांबरात कडुलिंबाच्या फांद्या दिसायच्या, फांद्यांमध्ये आभाळ दिसायचं. मी सकाळच्या शाळेतून येऊन पारावर बसायचे, मांडीवर मावशीने माझ्यासाठी काढून ठेवलेली सुशीला. (सुशीला गार झाल्यावरच जास्त चांगली लागते, हे माझं मत आजही कायम आहे.) खाता खाता डोळे जड व्हायचे. स्टँडच्या कर्ण्यातून बिलोली, हदगाव अशी नावं ऐकू यायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, ही गावं नाहीतच, कुणीतरी आपल्या माणसांना जेवायला हाका मारतंय. मग चाकांचा आवाज यायचा, कोळशाचा वास यायचा, आणि डोळे उघडावेत तर तिथे दुसराच बाजार उभा असायचा.

त्या वेळात दोघांचं बोलणं तरी काय असायचं? "बाई, कशी झाली सकाळ?" "झाली म्हणायची. आभाळ भरून आलंय भाई, ताडपत्री आनली का?" बस्स, एवढंच. पण इतरांशी बोलताना मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा एक धुवट कपड्यांतले गृहस्थ बशी हातात धरून तिला हळूच म्हणाले, "रात्री इथं काय शिजतं, ठाऊक हाय ना?" मावशी म्हणाली, "हाव, ठाऊक हाय की. आन् रातच्याला भाई जागा धुऊन जातात ते बी ठाऊक हाय. तुमच्या घरचा ओटा रोज कोण धुतं हो दादा?" गृहस्थांनी मुकाट्याने बशी संपवली. पुढे ते नेहमीचे गिऱ्हाईक झाले, आणि रात्रीही दिसू लागले असं अब्बा सांगतात. पण अब्बांच्या गोष्टींत थोडा मसाला असतोच.

जागा मुळात कुणाची, याचे दोन पाठ होते. अब्बा सांगायचे की त्यांच्या गाडीचं चाक ऐन दुपारी मावशीसमोर निखळलं, ती आवरतच होती, म्हणाली, आता इथंच लावा, आणि उद्या बी इथंच लावा. मावशीला विचारावं तर ती म्हणायची, "चल गं! मी आले तवा भाई आधीपासूनच हुते. त्यांनीच मला सकाळची बसू दिलं." मी दोघांना समोरासमोर उभं करून विचारायचाही प्रयत्न केला. दोघं हसले आणि आपापल्या कामाला लागले. खरं काय ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण दोघांचाही आपापल्या गोष्टीवर ठाम विश्वास होता, आणि त्यामुळेच पुढचा घोटाळा झाला.

नगरपालिकेने ठरवलं की बाजाराला शिस्त लावायची. ज्याची जागा त्याला चुन्याने चौकोन आखून द्यायचा, चौकोनाला नंबर, नंबराला नाव, नावाला फोटोसकट परवाना. पाहणीला आलेला माणूस सकाळी मावशीपाशी थांबला. मावशी म्हणाली, "माझी न्हाई ही जागा. हकीमभाईची हाय. मी आपली त्ये येईपर्यंत बसते." माणूस कामाचा चोख होता, तो संध्याकाळी पुन्हा आला. अब्बांनी कानाला हात लावले. "तौबा! माझी कुठली? बाईची हाय. तिची मेहरबानी म्हणून लावून राहिलो." त्या बिचाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं. यादी लागली तेव्हा आमच्या चौकोनापुढे एकच शब्द होता... रिकामी. आणि रिकाम्या जागा अर्जदारांना सोडत काढून देणार होते.

चहावाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "लोकं दुसऱ्याची जागा माझी म्हणून भांडून राहिले, आन् तुमी दोघं आपलीच फुकट सोडून बसले!" मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते. निरोप मिळाल्यावर तडक घरी आले, आणि मला दोघांचा इतका राग आला होता की बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, पोटात दुखतंय का? त्या एका गाडीपुरत्या जागेवर आमचं घर चालत होतं, माझं शिक्षण चालत होतं. मावशीला तर त्या जागेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. आणि दोघं 'पहले आप' करत ती हातची घालवून बसले होते!

मी दोघांना पुढे घालून पालिकेत नेलं. परवान्याच्या टेबलावरच्या मॅडमसमोर आधीच दोन भांडणं चालू होती, एका ओट्यावरून दोन सख्खे भाऊ शिवीगाळीवर आले होते. आमचा नंबर आल्यावर मॅडमनी मान वर न करताच विचारलं, "कुणाची कुणाविरुद्ध तक्रार?"

"कुणाचीच नाही," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. मॅडमनी मान वर केली, चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. दोघांपैकी एकाने फक्त 'माझी' म्हणा. मी आत्ता दुरुस्ती करते."

पंखा करकरत होता. मी अब्बांना कोपराने ढोसलं. अब्बा म्हणाले, "बाईची हाय, मॅडम." मावशी म्हणाली, "भाईची हाय, बाईसाहेब." मॅडम हताश होऊन म्हणाल्या, "उद्या तिसराच कुणीतरी तिथे गाडी लावेल, चालेल तुम्हाला?"

यावर मावशीचा चेहरा बदलला. मी तो कधी विसरणार नाही. नेहमी फटकन बोलणारी ती बाई एकदम लहान दिसायला लागली. तिने पदर सारखा केला, टेबलाच्या कडेकडे पाहत ती म्हणाली, "सकाळची... सकाळची तेवढी माझी हाय." तिच्या तोंडून 'माझी' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. अब्बांनी लगोलग म्हटलं, "आन् संध्याकाळची माझी." आणि दोघांनीही, काहीतरी आगळीक केल्यासारख्या, माना खाली घातल्या.

मॅडमनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढून बरीच पानं उलटली. वेळ वाटून दोघांना एकाच जागेचा परवाना देता येत होता, आमच्या गावात तसा कुणी मागितलाच नव्हता. "पण मग वेळ लिहावी लागेल," त्या म्हणाल्या. "सकाळ कधी संपते तुमची?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "मी जागा धुतली की संपती."

"आणि तुमची कधी सुरू होते, चाचा?"

"वाळली की," अब्बा म्हणाले.

मॅडम खूप हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, हे मी पाहिलं. कागदावर त्यांनी घड्याळातली वेळ लिहिली, कागदाला दुसरं काही कळत नाही. सोडतीच्या यादीतून आमचा चौकोन वगळला गेला. परवाने हातात आल्यावर अब्बा मावशीच्या परवान्याकडे पाहून घाबरले, "ही सरस्वतीबाई कोण?" इतकी वर्षं त्यांना तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

नंतर माझी नोकरी लागली, लग्न झालं, लातूरकर झाले. गावी गेले की दुपारी पारावर जाऊन बसायचे, मोठ्या बाईला शोभत नाही तरी. मावशीचे गुडघे गेले होते. कळशी कमरेवर न घेता ती दोन्ही हातांनी, मध्ये मध्ये टेकवत आणायची. गेल्या ईदला मी म्हणाले, "मावशी, धुवायचं राहू दे ना आता. अब्बा धुतील." ती खराट्यावर हात टेकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मास्तरीण झाली, पन अक्कल न्हाई आली. मी न्हाई धुतलं तर माझी सकाळ संपायची कशी?" आणि मला बाजूला सारून तिने पाणी ओतलं. माझ्या चपला भिजल्या. ती आमची शेवटची भेट. मला तिची फार आठवण येते, आणि ती नेमकी दुपारी येते, पाचवीच्या वर्गात मुलं पेंगायला लागतात तेव्हा.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी गावी गेले. जळकोटची लेक येऊन गेली होती, तिला धंदा करायचा नव्हता. पालिकेचा माणूस अब्बांकडे आला होता. म्हणाला, चाचा, सकाळचा परवाना आता मोकळा झालाय, अर्ज करा, दिवसभराची जागा तुमच्याच नावावर होईल. अब्बा नको म्हणाले. आता नवं कुणीतरी येईल. अब्बांची हरकत नाही, ज्याला गरज असेल त्याने यावं, फक्त त्याला जागा धुवायला शिकवावं लागेल, एवढंच त्यांचं म्हणणं. तोवर सकाळी चुन्याचा तो चौकोन तसाच असतो. बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तरी त्यात कुणी गाडी लावत नाही.

दुपारी मी पारावर बसले होते. ऊन रणरणत होतं. अब्बा एकटेच आले, गाडी न घेता. चहावाल्याच्या फळीखालून त्यांनी ती चेपलेली कळशी काढली, भरली आणि दोन्ही हातांनी, मध्ये मध्ये टेकवत आणली. सकाळभर कुणी न वापरलेली, स्वच्छ जागा त्यांनी खराट्याने घासली. पुन्हा पाणी ओतलं. कळशी जागेवर ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. ओल्या डांबरात फांद्या दिसायला लागल्या. माझे डोळे जड व्हायला लागले... स्टँडच्या कर्ण्यातून कुणालातरी हाका येत होत्या.

"अब्बा," मी म्हणाले, "गाडी लावा की आता. कुणाची वाट बघताय?"

"वाळू दे की," अब्बा म्हणाले. "अजून बाईची सकाळ हाय."

जागा कडेकडेने वाळत आली होती. मधोमध अजून ओली होती.