नारूभाऊंचा भरतीचा निरोप

सांजवात झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर एवढंच आहे : "आज पलीकडून आवाज नाही." त्या दिवशी शेजारच्या नारूभाऊंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. देवीच्या कृपेने जीव वाचला, आवाज गेला.

नारूभाऊ आमच्या नरपडचेच. अर्धं आयुष्य बोटीवर गेलं. गुडघे धरले तसे डहाणूत एका मच्छी कंपनीच्या बर्फाच्या कारखान्यात लागले. कंपनीच्या चॅटवर बोटवाल्यांचा एक ग्रुप होता. कामावर निघण्याआधी भाऊ ओट्यावर बसून, फोन तोंडाशी धरून त्यात निरोप टाकायचे, "राम राम मंडळी! भरती सव्वानऊला. बर्फ तयार आहे. जाळं विसरलात तर चालेल, डबा विसरू नका!"

मी तेव्हा देवाला फुलं घालत असायची.

"एवढं ओरडता, तर फोन कशाला लागतो?" मैनावहिनी आतून म्हणायच्या.

आता भाऊ पाटीवर लिहितात. गेल्या आठवड्यात ती पाटी घेऊन आमच्याकडे आले. माझी सून योगिता त्याच कंपनीच्या ऑफिसात आहे. पाटीवर होतं : "शनिवारी जुनं चॅट बंद. त्यातला माझा आवाज काढून दे. नातीने ऐकला नाही."

नात आठ महिन्यांची. तिला आजोबा म्हणजे नुसत्या टाळ्या.

ग्रुपात हजारो मेसेज, हाताने शोधायचे तर महिना जाईल. योगिताने साहेबांना विचारून एक छोटं ॲप बनवलं, फक्त भाऊंचे निरोप वेचून आणणारं. शुक्रवारी संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. ॲप चाललं, पण हाती काही नाही. तीनदा तेच. भाऊंनी पाटी उलटी ठेवली.

"सगळं बरोबर आहे, आई. मग रिकामं का येतं?"

मला ॲपमधलं काय कळतंय? म्हटलं, "आपण सत्यनारायणालासुद्धा आधी आवाहन करतो. याला त्या ग्रुपात कोणी बोलावलंय का?"

योगिताने कपाळावर हात मारला. "ग्रुप खाजगी आहे! आतल्या माणसाने घेतल्याशिवाय ॲपला काही दिसणारच नाही. आणि मी कुठे आहे त्यात?"

"हे आहेत ना अजून," वहिनी म्हणाल्या. "जुना फोन टाकू देत नाहीत मेला."

भाऊंनी त्या फोनवरून, योगिताने सांगितलं तसं, ॲपला ग्रुपात घेतलं. आणि निरोप यायला लागले. चारशे बारा!

पहिलाच लावला. "राम राम मंडळी! भरती आठ-चाळीसला..." नात हातातली बोंबलाची शेपटी सोडून फोनकडे बघत राहिली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. भाऊंनी पाटी पुसून लिहिलं : "त्या दिवशी चुकलो होतो. नऊ वाजून दहाला होती."

"चार वर्षांनी कबूल केलंत!" वहिनी रडता रडता हसल्या.

आज सकाळी देवाला फुलं घालताना पलीकडून तोच निरोप आला. पाठोपाठ नातीचं खिदळणं. भरती चार वर्षांपूर्वीची, तीही चुकीची. तरी मी वहीत लिहून ठेवली.