खालच्या वाफ्यातलं मीठ

दिवा लागायला नको होता. लागला.

अकरावीचा वर्ग. सर टेबलामागे, मी टेबलाच्या कडेला, हातात फडकं. काचेच्या भांड्यात माझ्या घरून आणलेलं मीठ. मिठात जुन्या सेलमधून काढलेल्या दोन कांड्या, कांड्यांना वायर, वायरीला इवलासा दिवा. सरांनी नुकतंच सांगितलं होतं, आयनिक संयुग घन असताना वीज वाहू देत नाही. मग ऐटीत बटण दाबलं. दिवा पेटला. मंद, पण पेटला.

पोरं खिदळली. सरांनी मिठात बोट घातलं, ओलं बोट वर्गाला दाखवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या लोकांचं मीठसुद्धा नियम पाळत नाही."

वर्ग हसला. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. सहा वर्षांची सवय. तिसऱ्या बाकावर माझी भाची बसली होती. ती हसली नाही. तिने मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवायला घेतलं. तिच्या आजीनेच, म्हणजे माझ्या आयनेच, ते मीठ वाफ्यातून ओढून काढलं होतं.

मी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. बाटल्या धुवायच्या, ॲसिड मोजून द्यायचं, प्रयोग मांडून द्यायचे. कंत्राटावर. दरवर्षी जूनमध्ये वाढवून मिळतं, म्हणून दरवर्षी मे महिन्यात मी फार गोड वागतो. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला नावाने हाक मारत नाहीत. "ए मीठवाले." रेवसच्या अलीकडे खाडीकाठी आमचं मिठागर आहे, एवढ्यावरून. हा धडा आला की मीठ माझ्या घरून यायचं, असा रिवाजच पडला होता. विकत कशाला, म्हणे, आपल्याकडे माणूस आहे.

आणि मी आणायचो. अभिमानाने आणायचो, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

सहा वर्षं तोच धडा भिंतीला टेकून ऐकला. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. एक धन, एक ऋण, म्हणून NaCl. मॅग्नेशियम दोन देतो, तेव्हा क्लोरीन दोन लागतात, MgCl₂. देणं-घेणं सारखं होईपर्यंत आकडे बसवायचे. सूत्र म्हणजे एवढंच. पोरांना जमायचं नाही तेव्हा मी मागून बोटं दाखवायचो. एकदा चुकीची दाखवली. अख्ख्या वर्गाने ॲल्युमिनियम ऑक्साइड चुकवलं, एकसारखं. सरांना वाटलं, पोरांनी कॉपी केली. केलीच होती, माझी.

असे पराक्रम पुष्कळ. आयनिक संयुगं ठिसूळ असतात, हे दाखवायला सरांनी खड्यावर हातोडी मारायला सांगितली. टिचकी मारायची होती. मी घण मारल्यासारखी मारली. थर सरकला की सारखे भार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो, ते खरंच. पण त्याचे तुकडे प्राचार्यांच्या चहापर्यंत उडतात, हे पुस्तकात नाही. दुसऱ्या वर्षी मला एकट्यालाच हुक्की आली, मीठ वितळवून बघू. मीठ तसंच राहिलं, काचेची नळी वाकली. तिसऱ्या वर्षी तर पोरांच्या परीक्षेचा क्षार मी जिभेवर ठेवला. आमच्यात मीठ डोळ्याने बघत नाहीत, जिभेने बघतात. सरांनी मला नळाखाली धरून चुळा भरायला लावल्या, आणि त्यात ते बरोबर होते. तिन्ही वेळा माफीपत्र लिहिलं. तिन्ही खरी होती. माफीपत्राचा मजकूर मला तोंडपाठ झाला होता.

म्हणून त्या दिवशी तास संपल्यावर सरांनी कागद पुढे केला तेव्हा मी खिशातून पेनही काढलं. मजकूर त्यांनीच सांगितला. माझ्या निष्काळजीपणामुळे मिठात पाणी सांडले, सबब प्रयोग फसला. खाली सही. फाइलला लागेल, म्हणाले, आणि नाही लिहिलं तर जूनचं बघू.

पेन टेकलं नाही. मी पाणी सांडलं नव्हतं. म्हटलं, उद्या देतो. एवढंच. बंड वगैरे काही नाही.

घरी पिशवीतलं उरलेलं मीठ आयसमोर ठेवलं. तिने चिमूट जिभेवर टाकली आणि लगेच थुंकली.

"हा खालच्या वाफ्यातला हाय. कडू हाय. कुठना उचललास?"

रस्त्यालगतच्या ढिगातून, म्हटलं. वरच्या वाफ्याचा चांगला ढीग चिखलापलीकडे होता, आणि मी नवी चप्पल घातली होती.

आय हसली नाही. वाफ्यात मीठ धरलं की मागे राहतं ते कडू पाणी, ते वेळेवर सोडून द्यायचं असतं. सोडलं नाही, तर पुढचं मीठ त्या पाण्याचं बसतं. दिसायला पांढरं, पण सदा ओलं. यंदा माणसं कमी होती, खालच्या वाफ्याचं पाणी सोडायचं राहिलं. तो ढीग खतासाठी वेगळा ठेवला होता, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. मला सोडून. मी कॉलेजात होतो, विज्ञानाच्या सेवेत.

कडू पाणी. म्हणजे MgCl₂. हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात विरघळतं. विरघळलं की आयन मोकळे होतात, आयन मोकळे झाले की वीज वाहते. दिवा नियमानेच लागला होता. सहा वर्षं भिंतीला टेकून ऐकलेला धडा माझ्या अंगणात पडला होता, आणि मी चप्पल सांभाळत होतो.

चूक माझीच होती. पण कागदावरची नव्हे.

मग आयने शिकवलं. चांगलं मीठ पाण्यात टाकत राहायचं, तळाला उरेपर्यंत. त्या पाण्याने कडू मीठ धुवायचं. त्याला आणखी मीठ पोटात घ्यायला जागा नसते, म्हणून ते फक्त कडू काढून नेतं. गोड्या पाण्याने धुवायला गेलास तर मीठच जाईल, म्हणाली. मी अर्धं धुतलं, अर्धं तसंच ठेवलं. दोन्ही तव्यावर खडखडीत वाळवलं.

गणपती होऊन गेले होते, पाऊस उघडला होता, हवा जरा कोरडी होती. सकाळी दोन बशा सरांच्या टेबलावर मांडल्या. तिसऱ्या तासापर्यंत एक कोरडी होती, दुसरी चकाकू लागली होती.

सर आले, म्हणाले, "कागद."

मी म्हटलं, "सर, आधी दिवा लावून बघा."

ते म्हणाले, वेळ नाही. मी त्यांना न विचारता वायर जोडली. घाईत पहिल्यांदा कांड्या एकमेकींनाच टेकल्या आणि दिवा भलत्याच कारणाने पेटला. पोरं हसली. ह्या वेळी मी हसलो नाही. कांड्या नीट रोवल्या. धुतलेलं मीठ, दिवा बंद. न धुतलेलं, दिवा चालू. तिसऱ्या बाकावरून भाची म्हणाली, "मामा, मॅग्नेशियम ना?" मी म्हटलं, "व्हय."

सरांनी वायर ओढून काढली. "तू शिपाई आहेस. शिकवायला ठेवलेलं नाही तुला."

टेबलावरचा एक कोरा कागद मी उचलला आणि उभ्या उभ्या लिहिलं: मीठ खालच्या वाफ्यातले होते. ते मी आळसाने आणले. पाणी मी सांडले नाही. मिठाने नियम पाळला. खाली सही केली, पूर्ण नावाची. सरांनी वाचला आणि खणात टाकला. प्राचार्यांकडे गेलेला नाही. आदल्या दिवशीच्या माझ्या हसण्याबद्दलही काही लिहायला हवं होतं, पण जागा उरली नव्हती.

जून यायचा आहे. रोज सकाळी वाटतं, आज प्राचार्य बोलावतील. अजून कुणी बोलावलेलं नाही. दोन्ही मिठांच्या पुड्या बॅगेत असतात. त्यातली एक सारखी भिजते, वह्या खराब होतात, कागद बदलत राहतो.

घरचं मीठ आता फुकट येणार नाही, हे सरांना सांगून टाकलंय. मीठवाले म्हणून हाक आली की मी बाटल्या धूत राहतो, नाव घेईपर्यंत. येत्या मे महिन्यात गोड वागणार नाही. बोलावलं तर दोन्ही पुड्या टेबलावर सोडीन आणि दिवा मागेन. काढलं तर काढलं. न केलेल्या चुकीखाली माझी सही मिळणार नाही.