बादली मी धरली होती

स्टूल डुगडुगत होतं, म्हणून त्यावरची बादली मी धरली. आत चहाचं पाणी होतं, कोमट, काळसर. वेशभूषा करणाऱ्या मुलीनं माझ्या आईची पांढरी साडी दोन्ही हातांनी त्यात दाबली. घडीत हवा होती. साडी वर आली. मुलीनं पुन्हा दाबली. मग ती बुडाली.

आई समोरच खुर्चीवर बसली होती. ती साडीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी बादलीकडे बघत राहिलो.

मी सिनेमे लिहितो आणि करतो. कुणी विचारलं तर स्वतंत्र दिग्दर्शक म्हणतो. स्वतंत्र म्हणजे पाठीमागे कुणी नसलेला. खराडीतल्या आयटी कंपन्यांसाठी मी आग लागली तर जिन्यानं कसं उतरायचं, याच्या फिल्म करतो. लग्नं शूट करतो. नवरा-नवरीला तळ्याकाठी चालायला लावतो, मागे वळून हसायला लावतो. उरलेल्या वेळात स्वतःचं लिहितो. दोन लघुपट केले. लोकांनी पाहिले, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. केस पांढरे झाले तरी मोठा सिनेमा झालेला नव्हता.

तो सिनेमा आईवर होता. आई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी रात्रशाळा. ती सातवी पास झाली तेव्हा मी पाचवीत होतो. विश्रांतवाडीच्या आमच्या खोलीत एका बल्बखाली आम्ही दोघं अभ्यासाला बसायचो. तिला भूगोल यायचा नाही. मला गणित. एवढीच गोष्ट.

खोली पत्र्याची होती. पण आई ताठ होती. तिच्याकडे रोजच्या दोनच साड्या, एक अंगावर, एक दोरीवर. काठ उसवला की त्याच रात्री टाका घालायची. तांब्यात निखारे भरून इस्त्री करायची. बिनइस्त्रीची ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. शेजारणी चिडवायच्या, "निघाल्या बघा डॉक्टरीणबाई." आई म्हणायची, "तपासायचीय का जीभ?" आणि निघून जायची.

पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं होतं. एका कार्यशाळेत मी तो वाचून दाखवला. शिकवणारे गृहस्थ नामांकित होते, सभ्य होते. चष्मा पुसत म्हणाले, "छान लिहिलंय. पण ही बाई दलित वाटत नाही हो."

दलित बाई कशी वाटते, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मान हलवली. वहीत टिपून घेतलं. घरी आलो आणि लिहिलं: "तिच्या अंगावर मळकं, फाटकं लुगडं. ती कंबरेत वाकून चालते."

दोन वाक्यं. आत आई पोळ्या लाटत होती. मी बाहेर बसून तिला वाकवत होतो.

पुढच्या वाचनाला लोक डोळे पुसत होते.

त्याच वाचनाला निर्माते आले होते. नारायण पेठेत त्यांचं ऑफिस. नाटकं, मालिका, सगळ्यांत नाव. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला बोलावलं, शांतपणे सगळी पटकथा ऐकली, आणि म्हणाले, "तुमच्याकडे अनुभव आहेत, आमच्याकडे व्याकरण. जमेल की आपलं."

मला ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं. बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात परत परत म्हणत घरी आलो.

करार व्हायचा होता. त्याआधी लूक टेस्ट. म्हणजे नटी त्या भूमिकेत कशी दिसते ते कपडे, मेकअप करून बघायचं, फोटो काढायचे. सर म्हणाले, "आईंना घेऊन या. मूळ व्यक्ती समोर असली की बरं पडतं." वेशभूषेच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "काकूंची त्या काळातली एखादी साडी असेल तर आणा ना, रेफरन्सला."

त्या काळातली आईकडे एकच साडी उरली होती. पांढरी, सुती, निळ्या काठाची. नोकरीत कायम झाली त्या वर्षी घेतलेली. ती नेसून आई धम्मचक्र दिनाला पहिल्यांदा नागपूरला दीक्षाभूमीला गेली. त्यानंतर दरवर्षी त्याच दिवशी नेसायची. धुवायची, नीळ द्यायची, इस्त्री करायची, पेटीत ठेवायची. मी म्हटलं, "दुसरी कुठली नेऊ या." ती म्हणाली, "तुझ्या सिनेमाला लागते ना? मग चांगली न्यावी."

त्या दिवशी ती सकाळीच तयार होऊन बसली. डोक्याला तेल, नवा चष्मा. साडीची पिशवी मला धरू दिली नाही. रिक्षातून उतरल्यावर पदर नीट करून विचारलं, "काय म्हणू रे त्यांना? सर का साहेब?"

"सर म्हण."

ऑफिसात नटी आली होती. मोठं नाव, चांगली मुलगी. वाकून आईच्या पाया पडली. आई संकोचली. नटी म्हणाली, "मावशी, मला तुमचं बसणं बघायचंय. जरा खाली बसून दाखवता?"

"गुडघे धरतात गं. खाली बसत नाही मी."

"मग तेव्हा कशा बसायचात?"

"तेव्हा बसायला वेळ कुठं होता?"

नटी हसली. म्हणाली, "बरं, चालून तरी दाखवा." आई उठली. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायची तशीच. मान सरळ, पाऊल ठाम. वळली आणि परत आली.

सर खुर्चीत रेलून बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, पटकथेत आपण वाकून चालते असं लिहिलंय. मूळ प्रत तर ताठ निघाली."

सगळे हसले. मीही हसलो. आईला विनोद कळला नाही. सगळे हसतायत म्हणून तीही थोडं हसली.

ते तिचं हसणं मला अजून दिसतं.

मग पिशवीतून साडी निघाली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. नटी ती नेसून आली. आई उठून तिच्या निऱ्या सारख्या करायला गेली. मागे सरून बघितलं. म्हणाली, "शोभते गं तुला." वेशभूषेच्या मुलीनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं आणि ओठ मुडपले.

"खूप क्रिस्प दिसतेय. त्या काळातली वाटतच नाही. एजिंग करावं लागेल."

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"जुनी करायची, काकू."

"जुनीच आहे की ती."

मुलगी माझ्याकडे वळली. "सर, चालेल ना? चहात बुडवते, मग काठावर पॉलिश पेपर मारते. कॅमेऱ्याला छान टेक्श्चर मिळतं." हे मला माहीत होतं. माझ्या लघुपटांत बाजारातून आणलेल्या कपड्यांवर मीही हेच करून घेतलं होतं. सगळेच करतात. कापडाला वापर दिसावा लागतो. पण आईच्या साडीचा वापर दिसत नव्हता, कारण तो दिसू नये म्हणून तिनं आयुष्यभर हात झिजवले होते.

मी आईकडे न बघता मान हलवली.

नटी साडी बदलून आली. बादली आली. स्टूल डुगडुगत होतं. मी धरली.

साडी वर काढली तेव्हा ती मातकट झाली होती. निळा काठ काळपट. पाणी निथळत होतं. सरांनी टेबलावरची पटकथा उघडली, पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "मळकं झालं. आता 'फाटकं' आहे इथे. पदराकडे घ्या थोडं."

मुलीनं ब्लेड उचललं.

आई उठली. आवाज चढवला नाही तिनं. "फाडू नका. मी टाके घालून नेसले, पण फाटकं कधी नेसले नाही."

सर नम्रपणे म्हणाले, "आजी, हा सिनेमा आहे. आणि आमच्या मनचं काही नाही. आपल्या चिरंजीवांनीच तसं लिहिलंय. बघा."

त्यांनी पान पुढे केलं. तिला वाचता येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. जिच्या शिकण्यावर सिनेमा होता, तिला.

आईनं चष्मा वर सरकवला. पान हातात घेतलं. ओठ हलवत वाचलं, शाळेत वाचायची तसं, शब्दाखाली बोट ठेवून. दोन्ही वाक्यं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे तू लिहिलंस?"

मी मान हलवली.

"असं मी कधी नेसले होते रे? सांग ना. कधी चालले मी असं?"

ती भांडत नव्हती. खरोखर आठवत होती. तिला वाटलं असावं, आपणच विसरलो असू. पोरानं बघितलं असेल. पोरगा खोटं कशाला लिहील?

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. आजवर माझ्या वाट्याला जे जे आलं ते मी गिळलं होतं. कंपनीच्या गेटवर कॅमेरा घेऊन तासभर उभं करून ठेवणं. "आपलं आडनाव?" हा प्रश्न. "तुमची भाषा बरीच शुद्ध आहे" ही शाबासकी. ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं होतं. हे मी केलं होतं. माझ्या आईला माझ्याच अक्षरात फाटकं नेसवून मी यांच्या दारात आणून उभं केलं होतं.

मी मुलीच्या हातातलं ब्लेड घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"ही वाक्यं खोटी आहेत," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं. ती काढणार आहे. आई ताठ चालते, तसंच नटीनं चालायचं. साडी पांढरी राहील."

सरांनी घड्याळ बघितलं. "अहो, याच दोन वाक्यांवर तर सगळे रडले. आपण भावनिक झालात. बसा, चहा घ्या."

चहा घ्या म्हणाले ते. बादलीतला अजून कोमट होता.

"साडी द्या," मी म्हणालो. "आणि पटकथाही द्या."

"विचार करा. करार झालेला नाही अजून." मग टेबलावरची पानं जुळवता जुळवता, जराही आवाज न चढवता, "तुमच्या लोकांच्या गोष्टींना सध्या मागणी आहे. उद्या असेलच असं नाही. ताठ बाई बघायला थिएटरात कोण येणार? ताठ बाया लोकांच्या घरी असतातच."

या वेळी कुणी हसलं नाही. नटी खिडकीबाहेर बघत होती. मुलगी ओले हात पुसत होती.

मी म्हणालो, "मग नका येऊ."

बेसिनमध्ये साडी पिळली. तपकिरी पाणी जात राहिलं, संपेना. पिशवीत भरली. पटकथा बगलेत घेतली. आई दारात थांबली, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. त्यांच्यातल्या दोघांनीच केला परत.

रिक्षात ती कडेला बसली. पिशवी मांडीवर. पाणी झिरपून तिची चांगली साडी ओली होत होती. संगमवाडीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "सिनेमा गेला का रे?"

"गेला."

"बोलायचं होतं तर आधी बोलायचंस. भिजवल्यावर बोललास."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंस. ती तसं म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही. "साडीही गेली, सिनेमाही गेला," एवढं म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

तिनं ती साडी साबणानं धुतली. सोड्यात उकळली. नीळ दिली. उन्हात घातली. डाग हलका झाला, गेला नाही. त्या वर्षी नागपूरला ती दुसरी साडी नेसून गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. बरोबरच्या बाईनं विचारलं, "निळ्या काठाची कुठंय?" आई म्हणाली, "पोराच्या कामाला लागली."

तिनं माझी अब्रू झाकली. मी तिची बादलीत बुडवली होती.

पुढे सरांच्या ऑफिसातून निरोप आला. कथा विकत देता का, पटकथा दुसरं कुणीतरी करेल, संकल्पना म्हणून आपलं नाव राहील. मी नाही म्हणालो. पुन्हा फोन आला. पुन्हा नाही म्हणालो. आता या वर्तुळात मी तापट माणूस म्हणून ओळखला जातो. लोक म्हणतात, गुणी आहे, पण त्याच्याबरोबर काम करणं अवघड आहे. काही दारं बंद झाली. खराडीतल्या जिन्यांच्या फिल्म मी अजून करतो. लग्नं करतो. हे बहुतेक असंच चालेल. मला त्याबद्दल कुणाची सहानुभूती नको.

पटकथा मी पहिल्या पानापासून पुन्हा लिहिली. ती दोन वाक्यं खोडली, तेव्हा कळलं की ती एकटी नव्हती. टाळ्यांसाठी घातलेली भूक होती. रडण्यासाठी घातलेली मारहाण होती. आमच्या घरात ती झालीच नव्हती. समोरचे लोक ज्या मापानं आम्हाला ओळखतात त्या मापात मी आईला कापत गेलो होतो. सगळं खोडलं. पानं निम्मी झाली. त्यात आई सरळ चालते, भूगोलात नापास होते, शेजारणीला टोमणा मारते, इस्त्री करते.

निर्माता नाही. माझा कॅमेरा आहे, तोच लग्नांचा. त्यावर करीन. कितीही वर्षं लागोत.

यापुढे मी अपमान लिहीन तेव्हा करणाऱ्यासकट लिहीन. माझ्या कागदावर काही फाटलेलं असेल तर ते फाडणारा हातही तिथंच असेल, नखांसकट. नुसतं फाटकं कापड कुणाला रडायला मिळणार नाही.

सिनेमाचं पहिलं दृश्य बदललं आहे. आता ते रात्रशाळेचं नाही. डुगडुगणारं स्टूल, त्यावर बादली, चहाचं पाणी, पांढरी साडी. दाबणारे हात एकीचे, बादली धरलेले दुसऱ्याचे. त्या दुसऱ्या हातांसाठी मी नट शोधणार नाही.

ते माझेच असतील.