खंडेनवमीची रायफल

मोर्च्यात घसा फोडायला मी तयार होतो, पण एका खोलीत शांतपणे एका माणसाची नोकरी वाचवणं मला जमलं नाही. ती गोष्ट लिहितो.

ठाण्याच्या एका गिरणीत मी कामगारांची पत्रकं लिहीत असे. फाटकावरचा पहारेकरी साताऱ्याकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला. त्याला सगळे हवालदारकाका म्हणत. गिरणीच्याच चाळीत त्याची एक खोली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी मॅनेजरने फाटकासाठी नवी रायफल आणली. काका तिला रोज मांडीवर घेऊन बसत. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, मागेपुढे करायचा, पुसायचा, तेलाचा एक थेंब बोटाने पसरायचा. नळीत चिंधी फिरवायची. एक गोळी झाडली की लगेच पुन्हा साफसफाई.

"एवढं काय लाडावताय?" मी विचारलं.

"अरं, नव्या लोखंडाला सोयरीक जमवायला येळ लागतो. आतली टोकं एकमेकांवर घासून मऊ हुत्यात. तेल कमी झालं तर चावत्यात, जास्त झालं तर धूळ धरत्यात. आन् आत कचरा गेला, की खलास."

खंडेनवमीला मॅनेजरने रायफल पूजेला मांडली. तेल लावलेल्या बोल्टवर हळद, कुंकू, अक्षता. वर नारळाचं पाणीही शिंपडलं. काका म्हणाले, "साहेब, बोल्टावर नगं." मॅनेजर हसले. "हवालदार, शस्त्राला आज कुंकू लावायचं नाही, तर कधी?" पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा रिवाज. रात्रभर कुंकू तेलात मुरलं, खाडीच्या दमट हवेत नारळाचं पाणी चिकट झालं.

दसऱ्याला सकाळी मॅनेजरने मानाची गोळी झाडायला सांगितली.

"आधी पुसतो, साहेब."

"मुहूर्त टळतोय. झाडा."

बोल्ट करकरत बंद झाला. गोळी सुटली आणि बोल्ट तिथेच अडकला. शेवटी लाकडी हातोड्याने ठोकून उघडला, तर आत ओरखडेच ओरखडे. कालपर्यंत आरशासारखं लोखंड!

मॅनेजरने चौकशी लावली. आरोप: हवालदाराने नव्या रायफलीची निगा राखली नाही. कामगारांतर्फे मी बसणार होतो. आदल्या दिवशी काकांना गाठलं. म्हटलं, "सरळ सांगा, पूजेनं बिघडली. साहेबांनीच पुसू दिली नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "देवीच्या कुंकवानं हत्यार मोडलं, आसं माझ्या तोंडानं? पोरा, घरात लेकरंबाळं हैत माझ्या."

मी ऐकलं नाही. सत्य ते सत्य, हे मी पत्रकांतूनच शिकलो होतो. चौकशीत उठून मी सगळं सांगितलं, कुंकवासकट, मुहूर्तासकट.

मॅनेजरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हवालदार, हे खरं?"

काकांनी मान खाली घातली. "न्हाय, साहेब. माझीच हयगय झाली."

मी खोटारडा ठरलो, आणि काका निष्काळजी. त्या मॅनेजरची मला चीड आली. खरं सांगायचं तर त्याहून जास्त काकांची आली, आणि त्या रागाची आज मला लाज वाटते.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी गेलो. बाहेर गाठोडी पडली होती. काका कल्याणला भावाकडे जागा बघायला गेले होते. त्यांची बायको पाट्यावरचा मसाला डब्यात भरत होती. हात न थांबवता तिने मला विचारलं,

"भाऊ, दुकानातनं आलेलं तेलच खराब हुतं, आसं सांगता आलं न्हाय का तुमास्नी? आमच्या ह्यांनी त्याला हो म्हटलं असतं."

मला तेवढं सुचलंच नव्हतं.